पतमाहितीची नोंद आणि कर्जदाराचा आक्षेप : भारतीय कायद्याची एक चिकित्सा

गोषवारा

ग्राहक-कर्जाच्या क्षेत्रात गेल्या दोन दशकांत झालेल्या कायदेशीर व नियामक बदलांमुळे कर्जदाराला स्वतःविषयीची नोंद पाहण्याचा अधिकार उत्तरोत्तर अधिक प्रमाणात मिळत गेला. परंतु ती नोंद चुकीची असल्यास तिची तपासणी कर्ज देणाऱ्या संस्थेखेरीज अन्य कोणाकडून करून घेण्याचा अधिकार त्याला कायद्याने फारसा दिलेला नाही. प्रस्तुत लेखात पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ मधील कलम २१ आणि त्यानंतरच्या नियामक सूचना यांची चिकित्सा केली आहे. तसेच दख्खनमधील कर्जविषयक कायद्यांची परंपरा व अमेरिकेतील कायदा यांच्याशी त्यांची तुलना केली आहे.

१. प्रस्तावना

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ अब्रूचा आणि दुसरा उधारी मिळण्याच्या पात्रतेचा. पूर्वीच्या गावगाड्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून वेगळे करता येत नसत. ज्याची गावात पत होती त्यालाच वाण्याकडे उधार मिळे आणि ज्याने उधारी बुडविली त्याची पत गावात राहत नसे. पतपेढी आणि पतसंस्था ही नावेही याच कल्पनेतून रूढ झाली. गेल्या वीस वर्षांत या शब्दाच्या जोडीला ‘सिबिल’ हा नवा शब्द आला आहे. एका कंपनीच्या नावाचे हे लघुरूप आता सामान्यनामाप्रमाणे वापरले जाते. ‘त्याचे सिबिल खराब आहे’ हे वाक्य तालुक्याच्या बँकेतही ऐकू येते आणि शहरातील वाहनविक्रेत्याच्या दुकानातही.

पतीची पारख गावाकडून नोंदवहीकडे गेली हा बदल केवळ तांत्रिक नाही. गावाचे मत चुकीचे असेल तर त्याला तोंडी उत्तर देता येत असे, चार माणसांची साक्ष काढता येत असे. संगणकीय नोंदीला उत्तर देण्यासाठी मात्र कायद्याने आखून दिलेला मार्ग हवा. म्हणूनच पतमाहितीच्या कायद्याचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात : नोंद कोण करतो, ती कोणाला पाहता येते आणि ती चुकली तर ती चुकली आहे हे कोण ठरवितो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भारतीय कायद्याने बऱ्याच अंशी समाधानकारक दिली आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कर्जदाराच्या दृष्टीने निराशाजनक आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी : वहीच्या मागे पाहण्याची परंपरा

कर्जाच्या लेखी नोंदीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या घरातील कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ते हस्तगत करून जाळण्यात आले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातील मजकूर आपल्याला वाचता येत नाही, तोच कागद न्यायालयात अंतिम पुरावा ठरतो, हे त्या शेतकऱ्यांना अनुभवाने कळले होते.

या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. या कायद्याची प्रमुख देणगी अशी की, शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात न्यायालयाने केवळ रोखा पाहून हुकूमनामा देऊ नये, तर त्या रोख्यामागील देण्याघेण्याचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, अशी तरतूद त्यात होती. ऋणकोला पावती मागण्याचा, वार्षिक हिशेब मागण्याचा आणि पासबुकात नोंदी करून घेण्याचा हक्कही या कायद्याने दिला. या कायद्यालाही मर्यादा होत्या. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली आणि काही ठिकाणी कर्ज मिळणे कठीण झाले. तरीही ‘धनकोची वही हा तपासणीचा आरंभ आहे, शेवट नव्हे’ हे तत्त्व कायद्यात प्रस्थापित झाले.

पुढील कायद्यांत हेच तत्त्व निरनिराळ्या रूपांत आढळते. १९१८ च्या अवाजवी व्याजाच्या कर्जाविषयीच्या कायद्याने न्यायालयाला जाचक व्यवहार पुन्हा उघडण्याचा अधिकार दिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारावर हिशेब ठेवण्याचे आणि त्याचे विवरण ऋणकोला देण्याचे बंधन घातले. त्याचबरोबर, असे विवरण मिळाल्यावर ऋणकोने हरकत घेतली नाही म्हणून त्याने हिशेब मान्य केला असे समजू नये, असेही त्यात स्पष्ट केले होते. या कायद्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने सावकाराने बळकावलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंती परत करण्याची तरतूदही केली.

पुराव्याच्या सामान्य कायद्याची भूमिकाही याहून वेगळी नाही. व्यवसायाच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य आहे, परंतु केवळ तिच्या आधारे कोणावरही दायित्व लादता येत नाही, असे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २८ मध्ये ही तरतूद कायम आहे. बँकांच्या वह्यांनाही हा नियम लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या प्रकरणात स्पष्ट केले. दायित्व नाकारले गेले असता नुसती खातेउताऱ्याची प्रत पुरेशी नाही, रक्कम खरोखर दिली गेल्याचा अन्य पुरावा हवा, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

३. २००५ चा अधिनियम : हेतू आणि रचना

पतमाहितीच्या संस्थात्मक देवाणघेवाणीमागे भक्कम आर्थिक तर्क आहे. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली आणि जोसेफ स्टिग्लिट्झ व अँड्र्यू वाइस यांनी १९८१ साली दाखवून दिले की, व्यवहारातील एका पक्षाकडे माहिती कमी असल्यास बाजार नीट काम करीत नाही. कोणता कर्जदार परतफेड करील हे बँकेला समजत नसेल, तर ती सर्वांनाच महाग कर्ज देते किंवा अनेकांना कर्ज नाकारते. त्यात प्रामाणिक पण अनोळखी कर्जदाराचे नुकसान होते. परतफेडीचा इतिहास एका ठिकाणी उपलब्ध झाला, तर तारण नसलेल्या माणसालाही स्वतःच्या सचोटीच्या बळावर कर्ज मिळू शकते.

या विचारातूनच सिद्दिकी कार्यगटाच्या शिफारशीनंतर २००० साली सिबिल ही कंपनी स्थापन झाली. मात्र ग्राहकाच्या गोपनीयतेचे बंधन असल्यामुळे बँकांना त्याच्या संमतीशिवाय माहिती देता येत नव्हती. ही अडचण दूर करण्यासाठी संसदेने पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ संमत केला. तो १४ डिसेंबर २००६ पासून अमलात आला. २०१० नंतर एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क या कंपन्याही या क्षेत्रात कार्यरत झाल्या. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक कर्जदात्या संस्थेला चारही कंपन्यांचे सदस्यत्व घेण्याचा आदेश दिला. त्यामुळे एका ठिकाणची नोंद चारही ठिकाणी पोहोचू लागली आणि चूक झाल्यास तीही चारही ठिकाणी पोहोचू लागली.

अधिनियमातील ‘पतमाहिती’ची व्याख्या व्यापक आहे. कर्जाची रक्कम व स्वरूप, तारण, त्याचप्रमाणे दिलेली हमी यांचा तिच्यात समावेश होतो. म्हणजे शेजाऱ्याच्या किंवा सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाचीही नोंद तयार होते. दुसरीकडे, कर्जदात्या संस्थांच्या व्याख्येत सहकारी बँकांचा नामोल्लेख असला तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या पतसंस्थांचा नाही. ज्या राज्यात मध्यमवर्गीय व श्रमिक कुटुंबांचे बरेचसे देणेघेणे पतसंस्थांमार्फत चालते, तेथे वर्षानुवर्षे नियमित हप्ते फेडणाऱ्या सभासदाची सचोटी या व्यवस्थेला दिसतच नाही.

४. कलम २१ आणि त्याची दोन परंतुके

अधिनियमाच्या कलम १९ मध्ये माहिती अचूक, पूर्ण आणि सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य सांगितले आहे, तर कलम २० मध्ये गोपनीयतेची तत्त्वे आहेत. कलम २१ नुसार कर्जदाराला आपल्या माहितीची प्रत मागता येते, तसेच तीत दुरुस्ती, वगळणूक किंवा भर घालण्याची मागणीही करता येते. अशी मागणी आल्यापासून तीस दिवसांत आवश्यक ती कार्यवाही करावी, असे हे कलम म्हणते. एवढेच वाचले तर कर्जदाराला पुरेसे संरक्षण मिळाले आहे असा समज होतो.

परंतु या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाला दोन परंतुके जोडलेली आहेत. पहिल्या परंतुकानुसार संबंधित कर्जदात्या संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्यानंतरच पतमाहिती कंपनीला ती करता येते. दुसऱ्या परंतुकानुसार, नोंदीविषयीचा वाद लवाद, न्यायाधिकरण किंवा न्यायालयात प्रलंबित असेल तर दुरुस्ती करता येत नाही. त्या काळात पतमाहितीसाठी कर्जदात्या संस्थेच्या वहीतील नोंदच विचारात घेतली जाते.

या दोन तरतुदींचा एकत्रित परिणाम समजून घेण्यासाठी एक सामान्य प्रसंग कल्पावा. कर्जदाराने सर्व हप्ते फेडले आहेत, त्याच्याकडे बेबाकी दाखलाही आहे, तरीही अहवालात त्याचे खाते थकीत दिसते. तो पतमाहिती कंपनीकडे तक्रार करतो. कंपनी ती तक्रार कर्जदात्या संस्थेकडे पाठविते. संस्था आपली वही पाहून ‘नोंद बरोबर आहे’ असे कळविते आणि तक्रार निकाली निघते. बेबाकी दाखल्याची स्वतंत्र तपासणी करण्याचे सामर्थ्य पतमाहिती कंपनीजवळ नाही. कर्जदार न्यायालयात गेला तर दुसरे परंतुक लागू होते आणि दावा चालेल तितके दिवस संस्थेचीच नोंद कायम राहते. म्हणजे कर्जदाराने कायदेशीर मार्ग पत्करला म्हणून त्याची स्थिती सुधारत नाही. उलट त्या अवधीत त्याला दुसरे कर्जही मिळणे अवघड होते.

पुरावा कायद्याशी या व्यवस्थेची तुलना उद्बोधक आहे. बँकेने शंभर रुपयांच्या वसुलीसाठी दावा लावला तरी केवळ वहीच्या नोंदीवर तिला हुकूमनामा मिळत नाही. तीच नोंद पतमाहिती कंपनीकडे पाठविली की मात्र तिच्या एकट्याच्या बळावर त्या माणसाची पत देशभर खालावते. पतमाहितीची नोंद हा न्यायनिर्णय नव्हे, केवळ माहिती आहे, असे यावर म्हटले जाते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. परंतु ज्या माहितीच्या आधारे गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज किंवा पीककर्ज नाकारले जाते तिचा परिणाम सामान्य माणसाच्या आयुष्यात हुकूमनाम्यापेक्षा कमी गंभीर असतो, असे म्हणता येणार नाही.

५. नियमनाचे अलीकडील प्रवाह : नियंत्रणाकडून प्रकटीकरणाकडे

२००५ नंतर मूळ अधिनियमाच्या या भागाला संसदेने हात लावलेला नाही. बदल झाले ते प्रामुख्याने रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांद्वारे. त्यांची दिशा पाहिली असता दोन प्रवाह स्पष्ट दिसतात.

पहिला प्रवाह व्याजदरासंबंधीचा आहे. बँकिंग विनियमन अधिनियमात १९८४ साली समाविष्ट झालेल्या कलम २१-अ ने बँकेचा व्याजदर अवाजवी आहे या कारणावरून व्यवहार पुन्हा उघडण्याचा न्यायालयांचा अधिकार काढून घेतला. १० मे २०२२ रोजी नेडुम्पिल्ली फायनान्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगरबँक वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत असा निर्णय दिला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. तो निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. दराच्या नियंत्रणाची जागा आता दराच्या प्रकटीकरणाने घेतली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे आणि त्यात सर्व आकारांसह वार्षिक दर सांगणे बंधनकारक झाले. २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक सूचना आणि ८ मे २०२५ चे निदेश यांचाही मोठा भाग प्रकटीकरण व संमती यांच्याशी निगडित आहे.

दुसरा प्रवाह पतमाहितीचा असून त्याचीही दिशा हीच आहे. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळू लागला. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेच्या कक्षेत आल्या. २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकांनी अहवाल कोणी पाहिला याची सूचना लघुसंदेशाने किंवा ई-मेलने ग्राहकाला देण्याचे बंधन घातले. थकबाकीची माहिती पाठविताना त्याला कळविणेही आवश्यक झाले. १ जानेवारी २०२५ पासून माहिती दर पंधरवड्याला पाठविणे सक्तीचे झाले. हप्ता भरूनही महिना-दीड महिना खाते थकीत दिसण्याचा त्रास त्यामुळे कमी होण्याची अपेक्षा आहे. या सुधारणांचे महत्त्व नाकारता येणार नाही. २००५ मध्ये ज्या अहवालाचे अस्तित्वही सामान्य कर्जदाराला ठाऊक नव्हते, तो आज त्याच्या भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहे.

नुकसानभरपाईची योजना मात्र बारकाईने तपासण्यासारखी आहे. २६ एप्रिल २०२४ पासून, तक्रार तीस दिवसांत निकाली न निघाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये देण्याची तरतूद अमलात आली. कर्जदात्या संस्थेला एकवीस दिवस आणि पतमाहिती कंपनीला उर्वरित नऊ दिवस, अशी मुदतीची विभागणीही करण्यात आली. परंतु ही भरपाई विलंबाची आहे, चुकीची नव्हे. संस्थेने विसाव्या दिवशी ‘नोंद योग्य आहे’ असे चुकीचे उत्तर दिले तर विलंब होत नाही आणि भरपाईही देय होत नाही. पतगुणांकाच्या गणनेविषयीचे वाद तर या योजनेतून स्पष्टपणे वगळलेले आहेत. ३०० ते ९०० या पट्टीवरील हा अंक कोणत्या सूत्राने काढला हे कर्जदाराला समजत नाही आणि त्याविषयी भरपाईही मागता येत नाही. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांना प्रत्येकी २४ ते २६ लाख रुपयांच्या दरम्यान दंड केला. त्या दंडातून ज्यांच्या नोंदी बिघडल्या त्या कर्जदारांना मात्र काही मिळण्याची व्यवस्था नव्हती.

वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्याकडून या बाबतीत अपेक्षा होती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १२ ने दुरुस्ती व विलोपनाचा अधिकार दिला आहे. परंतु कलम १७ मध्ये वित्तीय संस्थेचे कर्ज थकविलेल्या व्यक्तीची आर्थिक माहिती जाणून घेण्यासाठी केलेल्या प्रक्रियेला या अधिकारांतून सूट दिली आहे. ज्याच्यावर थकबाकीदार असल्याचा शिक्का चुकून बसला आहे, त्यालाच या अधिकाराची सर्वाधिक गरज असते आणि सुटीची भाषाही त्याच शिक्क्यावर आधारलेली आहे. या तरतुदीचा अर्थ न्यायालये कसा लावतात यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

६. मोठा थकबाकीदार आणि लहान कर्जदार

नोंद करण्यापूर्वी म्हणणे ऐकून घेण्याचे तत्त्व भारतीय बँकिंग कायद्याला अपरिचित आहे असे नाही. २७ मार्च २०२३ रोजी भारतीय स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाते ‘फसवणुकीचे’ म्हणून वर्गीकृत करण्यापूर्वी कर्जदाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे असा निर्णय दिला. अशा वर्गीकरणामुळे कर्जाची सर्व दारे बंद होतात, हे त्यामागील प्रमुख कारण होते. हेतुपुरस्सर थकबाकीदारांविषयी रिझर्व्ह बँकेने ३० जुलै २०२४ रोजी काढलेल्या निदेशांतही कारणे दाखवा नोटीस, निर्णय समिती आणि पुनर्विलोकन समिती अशी सविस्तर कार्यपद्धती आहे. ती २५ लाख रुपये व त्याहून अधिक थकबाकी असलेल्यांना लागू होते.

याउलट पन्नास हजार रुपयांच्या वैयक्तिक कर्जाच्या बाबतीत कर्जदाराला मिळतो तो एक लघुसंदेश आणि तोही माहिती पाठविली जात असताना. दोन्ही वर्गीकरणांचे स्वरूप भिन्न आहे हे मान्य केले पाहिजे. फसवणुकीचा आरोप आणि हप्ता चुकल्याची नोंद यांत अंतर आहे. तरीही दुष्परिणामांचा प्रकार एकच आहे आणि ज्याच्याकडे वकील, सनदी लेखापाल व वेळ आहे त्याला सुनावणी, तर ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही त्याला केवळ सूचना, ही विषमता डोळ्यांत भरते.

महाराष्ट्रातील पीककर्जाच्या प्रश्नात ही विषमता ठळकपणे जाणवते. निसर्गाच्या लहरीमुळे एखाद्या हंगामात शेतकऱ्याची परतफेड लांबते. पुढे कर्जमाफीच्या योजनेतून शासन ती रक्कम बँकेत भरते आणि खाते बंद होते. परंतु मधल्या काळातील थकबाकीचे दिवस अहवालात राहतात आणि नव्या कर्जाच्या वेळी तेच पुढे येतात. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला. राजकीयदृष्ट्या हा इशारा समजण्यासारखा आहे. परंतु पतमाहितीचा कायदा केंद्राचा आहे. अहवालच बदलत नसेल तर तो पाहू नका असे सांगण्याने मूळ दोष दूर होत नाही. एखादे पीक पावसाअभावी गेले आणि एखादा हप्ता जाणूनबुजून बुडविला, यांतील फरक नोंदीत दिसण्याची सोय करणे हा अधिक टिकाऊ उपाय ठरेल.

७. अमेरिकी कायद्याशी तुलना

अमेरिकेत १९७० साली संमत झालेला न्याय्य पत अहवाल कायदा या क्षेत्रातील आद्य कायद्यांपैकी एक आहे. ग्राहकाने आक्षेप घेतल्यास तीस दिवसांत फेरतपासणी करावी, असे तो कायदाही सांगतो. परंतु तपासणीनंतर जी माहिती चुकीची ठरते किंवा जिची खातरजमा होऊ शकत नाही ती काढून टाकावी, असा त्या कायद्याचा दंडक आहे. म्हणजे खातरजमा न होण्याचा तोटा तेथे नोंद करणाऱ्याला सोसावा लागतो आणि भारतात कर्जदाराला. वाद मिटला नाही तर ग्राहकाला शंभर शब्दांपर्यंतचे आपले निवेदन अहवालाला जोडण्याचा अधिकार तेथे आहे. १९९६ च्या दुरुस्तीने माहिती पुरविणाऱ्या संस्थांवरही अचूकतेचे कर्तव्य घातले.

हा कायदा निर्दोष आहे असे नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने प्रसिद्ध केलेल्या २०१२ च्या अभ्यासात सुमारे पाचांपैकी एका ग्राहकाच्या किमान एका अहवालात आक्षेपानंतर दुरुस्ती करावी लागल्याचे आढळले. चाळीस वर्षांच्या कायद्यानंतरही चुकांचे प्रमाण एवढे राहिले. यावरून चूक होणे हा या व्यवस्थेतील अपवाद नसून तिचा स्वाभाविक भाग आहे, हे स्पष्ट होते. कायद्याची कसोटी चुका होतात की नाही यावर नव्हे, तर झालेली चूक किती सहज दुरुस्त होते यावर लागते.

८. नोंदीचे आयुष्य आणि तिचा कर्जाबाहेरील वापर

कालमर्यादेच्या बाबतीतही दोन्ही देशांत लक्षणीय फरक आहे. अमेरिकेत बहुतेक प्रतिकूल माहिती सात वर्षांनंतर अहवालात देता येत नाही. दिवाळखोरीसाठी ही मुदत दहा वर्षांची आहे. भारतात २००६ च्या विनियमांनी पतमाहिती किमान सात वर्षे जतन करावी असे सांगितले. तेथे सात वर्षे ही कमाल मर्यादा आहे आणि येथे किमान. तरुणपणी बेकारीच्या काळात थकलेल्या क्रेडिट कार्डाची नोंद माणसाचा किती काळ पाठलाग करणार, या प्रश्नाचे उत्तर अधिनियमात असावयास हवे होते.

दरम्यान या नोंदीच्या वापराचा परीघ विस्तारत आहे. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने प्रतिकूल पतइतिहासाच्या कारणावरून एका उमेदवाराची भारतीय स्टेट बँकेतील नियुक्ती रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. भरतीच्या जाहिरातीतच तशी अट होती आणि बँकेत पैसा हाताळावयाचा असल्यामुळे आर्थिक शिस्त अपेक्षित आहे, अशी त्यामागील भूमिका होती. याच्या विरुद्ध दिशेने, केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केवळ कमी पतगुणांकामुळे विद्यार्थ्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळू नये असे म्हटले. पतइतिहास नसल्याच्या कारणावरून प्रथमच कर्ज घेणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निदेशांत बँकांना सांगितले. परतफेड करण्यासाठी नोकरी लागते आणि नोकरीसाठी परतफेडीचा स्वच्छ इतिहास लागतो, असे चक्र तयार होऊ द्यावयाचे की नाही, याचा निर्णय एकेका प्रकरणावर न सोडता विधिमंडळाने घेणे इष्ट आहे.

९. संभाव्य आक्षेपांचा विचार

कर्जदाराला अधिक अधिकार दिल्यास त्यांचा गैरवापर होईल, हा या संदर्भातील प्रमुख आक्षेप आहे. खरा थकबाकीदारही खोटा आक्षेप नोंदवून नोंद स्थगित करील, पैसे घेऊन ‘सिबिल दुरुस्त करून देणारे’ मध्यस्थ बोकाळतील आणि अहवालावरील विश्वास उडाल्यास त्याचा भुर्दंड प्रामाणिक कर्जदारालाच सोसावा लागेल, असे म्हटले जाते. हा आक्षेप निराधार नाही. १८७९ च्या कायद्यानंतर कर्जपुरवठा काही ठिकाणी आखडला होता, हे वर पाहिलेच आहे. परंतु नोंद पुसून टाकणे आणि नोंद वादग्रस्त असल्याचे दर्शविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या मार्गाने कर्जदात्या संस्थेची माहिती नष्ट होत नाही, केवळ ती एकतर्फी राहत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. कोट्यवधी खात्यांतील प्रत्येक चुकलेल्या हप्त्यासाठी सुनावणी घेणे शक्य नाही, हे मान्य आहे. मात्र आगाऊ सूचना देण्यास तेवढा खर्च येत नाही. जी यंत्रणा माहिती पाठविताना संदेश धाडते ती काही दिवस आधीही तो धाडू शकते. तिसरा आक्षेप असा की लोकपाल आणि ग्राहक आयोग हे मार्ग उपलब्ध आहेतच. ते आहेत हे खरे. पण ते चूक होऊन गेल्यानंतरचे मार्ग आहेत आणि तेथे पोहोचेपर्यंत घराचा व्यवहार मोडलेला असतो किंवा प्रवेशाची मुदत टळलेली असते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून काही सुधारणा सुचविता येतील. कलम २१ च्या पहिल्या परंतुकात बदल करून, कर्जदात्या संस्थेने मुदतीत कागदपत्रांसह खातरजमा न केल्यास संबंधित नोंद अहवालातून स्थगित व्हावी. दुसऱ्या परंतुकात बदल करून, वाद प्रलंबित असताना नोंदीसोबत तसा शेरा आणि कर्जदाराचे संक्षिप्त निवेदन दिसावे. मुख्य तथ्यांच्या विवरणपत्राप्रमाणेच पत अहवालही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत मिळावा. प्रतिकूल नोंदीला कमाल कालमर्यादा असावी. आक्षेप चुकीच्या रीतीने फेटाळल्याचे पुढे सिद्ध झाल्यास पहिल्या दिवसापासून भरपाई देय व्हावी. यांपैकी पहिल्या दोन बाबींसाठी संसदेने कायदा दुरुस्त करणे आवश्यक आहे; परिपत्रकांनी ते होणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या विखुरलेल्या सूचनांचे व्यापक एकत्रीकरण केले. त्यामुळे नियम शोधणे सोपे झाले, परंतु ज्या अधिनियमावर ते आधारलेले आहेत त्यातील असमतोल तसाच आहे. गेल्या दोन दशकांत कर्जदाराला वही पाहावयास मिळाली, ही मोठी प्राप्ती आहे. सुप्याच्या शेतकऱ्याला तीही नव्हती. परंतु त्या उठावानंतर चार वर्षांनी झालेल्या कायद्याने न्यायाधीशाला वहीच्या मागे जाण्यास सांगितले होते. २००५ च्या अधिनियमाने, वाद सुटेपर्यंत वहीच खरी मानावी असे सांगितले. पतमाहितीची व्यवस्था टिकावी आणि तिच्यावर कर्जदाराचाही विश्वास बसावा यासाठी या एका बाबतीत १८७९ च्या कायद्याकडे पुन्हा पाहणे आवश्यक आहे.